बेळगावचा फ्लॅट: भाडं येतं, हप्त्यात जातं

प्रश्न: भाग्यनगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही २०१८ साली स्वतः राहायला ३४ लाखांना घेतला. नोकरीमुळे पुण्याला यावं लागलं, म्हणून चार वर्षांपासून तो भाड्याने दिलाय. भाडं १५,०००. त्यातले १२,००० कर्जाच्या हप्त्याला, १,५०० सोसायटीला, उरलेले घरपट्टी आणि दुरुस्तीत जातात. हातात काही उरत नाही. कर्ज ११ लाख बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के. ८ लाखांची एफडी आहे. त्याच बिल्डिंगमध्ये आता १७,५०० भाडं मिळतं, पण वाढीचं काढलं की भाडेकरू म्हणतो, आधी हॉलची ओल काढा. आता तो ८ लाख लीज, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी परतीची ठेव, द्यायला तयार आहे. घ्यावी का? की ५० लाखांना गिऱ्हाईक आहे, त्याला विकून मोकळं व्हावं?

उत्तर: लीज घेऊ नका. विकायचं की नाही ते पैशापेक्षा तुम्ही बेळगावला परतणार का, यावर ठरेल. पण त्याआधी ‘हातात काही उरत नाही’ हे तुमचं म्हणणं तपासू, कारण ते अर्धंच खरं आहे.

१२,००० च्या हप्त्यातले आज सुमारे ७,८०० व्याजात जातात आणि ४,२०० मुद्दलात. म्हणजे वर्षाकाठी ५२,००० च्या आसपास तुमचं कर्ज भाडेकरूच्या पैशातून फिटतंय. ते दिसत नाही, पण ते तुमचंच आहे. खरी दुखरी जागा वेगळी आहे. ५० लाखांच्या फ्लॅटवर खर्च वजा जाता भाडं सुटतं १,४४,०००, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. आणि कर्ज आहे साडेआठ टक्क्यांचं.

आता लीज. कर्नाटकात ही पद्धत रुळलेली आहे: एकरकमी पैसे घ्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं घ्यायचं नाही, घर सोडताना सगळी रक्कम परत द्यायची. ८ लाख हातात येणार म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. पण हिशेब करा. ८ लाख कर्जात भरले तर वर्षाला ६८,००० व्याज वाचेल, आणि त्यासाठी १,८०,००० भाडं सोडावं लागेल. बरोबरी साधायला लीज २१ लाखांच्या वर हवी! शिवाय उरलेल्या कर्जाचा हप्ता पगारातून भरायचा आणि मुदत संपली की कर्जात गेलेले ८ लाख पुन्हा कुठून तरी उभे करायचे. फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, त्यामुळे असा व्यवहार बँकेला न विचारता करताही येणार नाही. आणि ही रक्कम कुणी रोखीने देऊ केली तर साफ नकार द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

भाडेकरूचं ओलीबद्दलचं म्हणणं मात्र रास्त आहे, आणि तुमचा नफाही तिथेच अडलाय. बेळगावचा पाऊस भिंतीवर आडवा मारतो. आतून पुट्टी-रंग मारला तर पुढच्या आषाढात पोपडे पुन्हा सुटणार. बाहेरच्या प्लास्टरची चीर, खिडकीच्या खालच्या फरशीचा आत आलेला उतार, पाइपचा जोड, यातलं नेमकं काय ते कोरड्या दिवसांत गवंड्याला दाखवून घ्या. बाहेरची भिंत हे सहसा सोसायटीचं काम असतं. तेव्हा फोटो काढून सेक्रेटरींना लेखी कळवा, खर्च एकट्याच्या अंगावर घेऊ नका. काम वळवाच्या आधी, एप्रिलमध्येच उरका.

ते झालं की १६,५०० मागा. १७,५०० कशाला नको? कारण हा भाडेकरू चार वर्षं वेळेवर भाडं देतोय. तो गेला आणि फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला तर २२,५०० गेले, वर एजंट आणि रंगकाम. जास्तीच्या १,००० साठी एवढा धोका पत्करू नका. नवीन करारात दरवर्षी पाच टक्के वाढ लिहूनच घ्या, म्हणजे दरवेळी तोंड उघडायचा संकोच उरणार नाही. पुण्यातला लीव्ह अँड लायसन्सचा कायदा इथे लागू नाही. इथे ई-स्टँपवर अकरा महिन्यांचा करार करतात. मसुदा बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत तयारच मिळतो. प्रत्येक कलम समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

फर्निचर घालून विद्यार्थ्यांना द्यावं, असंही कुणीतरी सुचवेल. उद्यमबागची औद्योगिक वसाहत आणि तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज जवळ आहे, त्यामुळे मागणी येईलही. पण पुण्यात बसून ते सांभाळणं जमणार नाही, आणि सोसायटीची कुरबुर वेगळी. बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतल्या चढ्या भाड्यावर वर्षाचं गणित मांडू नये.

एफडीतले ६ लाख कर्जात भरा, २ लाख अडीअडचणीला ठेवा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही. हप्ता १२,००० च ठेवलात तर बारा वर्षांचं कर्ज चार वर्षं दोन महिन्यांत संपतं. पहिल्या वर्षाचा निव्वळ फायदा मात्र फार मोठा नाही. व्याज ५३,००० ने कमी होईल, पण एफडीचं करोत्तर व्याज ३१,००० जाईल (दर साडेसहा टक्के धरलाय) आणि भाड्यावरचा कर ११,००० ने वाढेल, कारण भाड्यातून वजा होणारं व्याजच घटतं. हे तुमचा पगार २० टक्क्यांच्या टप्प्यात आणि नवी करप्रणाली धरून. तरी ११,००० वर्षाला, तेही काही जोखीम न घेता. आणि चार वर्षांनंतर हप्त्याचे १२,००० दर महिन्याला हातात.

विक्रीचं म्हणाल तर करासाठी दोन्ही हिशेब काढायला सांगा. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा आहे, त्यामुळे पर्याय तुमच्याकडे आहे. महागाई निर्देशांक न धरता १६ लाख नफ्यावर साडेबारा टक्के, सेससह २ लाख ८ हजार. निर्देशांक धरून (२०१८-१९ चा २८०, २०२५-२६ चा ३७६) खरेदी किंमत ४५ लाख ६६ हजार होते, आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ९० हजार. कर्ज, कर आणि कमिशन जाऊन ३७ लाखांच्या आसपास हातात येतील.

परतायचं नाही हे घरात पक्कं असेल तर विका. एवढी पुंजी एका भिंतीत अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. आईवडिलांसाठी, मुलांसाठी किंवा निवृत्तीनंतर परतण्याची थोडीही शक्यता असेल तर ठेवा. आजचा फ्लॅट विकून दहा वर्षांनी टिळकवाडी-भाग्यनगरात पुन्हा घर घेणं सोपं नाही.

काहीही ठरलं तरी या खेपेला बेळगावला गेलात की महापालिकेतून ई-खाता, म्हणजे मालमत्ता तुमच्या नावावर असल्याचा ऑनलाइन नोंदीचा उतारा, काढून घ्या. त्याशिवाय विक्रीची नोंदणी होत नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यासाठी खेटे घालायची वेळ येऊ देऊ नका.