रविवारी तिचा फोन लागत नाही

फेब्रुवारीतली गोष्ट. नाशिकच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक बाई आल्या आणि काही बोलायच्या आधी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बर्फाने भरलेली डोंगराची धार, मागचं काही दिसू नये इतकं धुकं, टोप्या-जाकिटांत गुरफटलेली सात-आठ पोरं. डावीकडून दुसरी त्यांची मुलगी. "हा फोटो भाच्याने दाखवला मला. कुणीतरी इन्स्टाग्रामवर टाकलेला. आणि त्या रविवारी ही मला म्हणाली होती, लायब्ररीत बसतेय, फोन सायलेंटवर असेल."

त्यांना सुनंदाताई म्हणू, मुलीला मृण्मयी. दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. मृण्मयी तेवीस वर्षांची, सप्टेंबरपासून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी गेलेली. शिक्षणाच्या कर्जावर सहअर्जदार म्हणून आईची सही. सुनंदाताई एका पतसंस्थेत हिशेब बघतात.

मुलं बाहेर शिकायला जातात आणि तिथल्या ग्रुपबरोबर डोंगर, बर्फ, नदी, कयाक असं काहीतरी सुरू होतं. इथे गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेताना सांगून जाणारी मुलगी तिथे हातात आइस ॲक्स, म्हणजे बर्फावर चढायची कुऱ्हाड, घेऊन उभी दिसते. आईवडील मला विचारतात, "हिला थांबवायचं कसं?" सुनंदाताईंनीही तेच विचारलं.

मी त्यांना विचारलं, तिने डोंगराचं पहिल्यांदा सांगितलं ते कधी?

ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं. अगदी आनंदाने. युनिव्हर्सिटीच्या हिलवॉकिंग क्लबबरोबर ती बेन लोमंडला गेली होती. ग्लासगोपासून जवळचा, ९७४ मीटरचा डोंगर. वरून फोटो पाठवला, रात्री फोन केला. वडील म्हणाले, शिकायला पाठवलंय की डोंगर चढायला? सुनंदाताई रडल्या आणि दोन दिवस त्यांनी तिचा फोन उचलला नाही. त्यानंतर मृण्मयीने डोंगराचं नाव काढलं नाही. दर रविवारी ती लायब्ररीत असायची.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. मी त्यांची समजूत काढायला गेले. क्लब आहे, जाणकार मुलं असतात, सामान चांगलं असतं, वगैरे. त्या मान हलवत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीपण तिच्याच बाजूच्या." काळजी करणाऱ्या माणसाला धीराची आकडेवारी ऐकवली की त्याला आपलं ऐकूनच घेतलं नाही असं वाटतं. दुसऱ्या भेटीत मी फक्त एवढंच विचारलं, "काही झालं तर, असं तुम्ही सारखं म्हणता. त्या 'काही'मध्ये तुम्हाला काय दिसतं?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती पडलीय. आणि तिथे कुणालाच तिचं नाव माहीत नाही. आम्हाला कळवायला कुणाकडे आमचा नंबर नाही."

डोंगराची भीती होतीच, पण त्याहून मोठी ही होती. आणि या भीतीवर करण्यासारखं बरंच असतं.

मृण्मयीशी मी वेगळी बोलले, तिच्या सोयीने, व्हिडिओ कॉलवर. ती काय बोलते ते आईला सांगणार नाही, हे दोघींना आधीच सांगितलं होतं. (सुनंदाताईंनी चार वेळा विचारलं. चारही वेळा मी नाही म्हटलं. खाली लिहिते आहे ते मृण्मयीने नंतर स्वतः आईला सांगितलं.)

ती आधी वकिली थाटात बोलत होती. "मॅडम, कळसूबाई १६४६ मीटर आहे. मी कॉलेजात असताना चढलेय. ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिस १३४५. आईला कुणीतरी समजवा."

आकडे बरोबर आहेत, पण नुसत्या उंचीवरून तिथले डोंगर कळत नाहीत. बेन लोमंडची चाल जवळजवळ समुद्रसपाटीला असलेल्या तळ्याच्या काठापासून सुरू होते. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे, तसं तिथे नाही. स्कॉटलंड आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं वेधशाळा होती, तिथल्या माणसांनी वर राहून नोंदी ठेवल्या. वर्षभराची सरासरी काढली तर माथ्यावरचं तापमान शून्याच्या आसपास भरतं. पाऊस, वारा आणि थंडी एकाच तासात अंगावर येतात. सह्याद्रीत पावसात भिजलेला माणूस चालत राहिला तर त्याचं बहुतेक वेळा निभावतं. तिथे भिजणं हीच संकटाची सुरुवात असते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एकदम थांबली.

"मला माहितेय," ती म्हणाली.

मग तिने जानेवारीतल्या त्या रविवारचं सांगितलं. फोटोतला तोच रविवार. बेन लॉवर्स, १२१४ मीटर. वाटेत बेन ग्लास नावाचा ११०३ मीटरचा डोंगर आधी ओलांडावा लागतो. त्याच्या चढावरच तिचे हातमोजे आतून ओले झाले. दुसरी जोडी नव्हती. सगळे पुढे जोरात चालले होते. आपल्यामुळे ग्रुप थांबायला नको, म्हणून ती बोलली नाही. माथ्यावर फोटो काढताना बोटं जाणवत नव्हती. परतीच्या वाटेवर कुणीतरी विचारलं, ठीक आहेस ना? ती म्हणाली, मी ठीक आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिला थंडी वाजायची थांबली होती, म्हणून तिला खरंच बरं वाटायला लागलं होतं. इतक्यात तिच्या मागून चालणाऱ्या पोलंडच्या एका मुलीने पाहिलं, की ही जाकिटाची चेन लावायचा प्रयत्न करतेय आणि हात नुसताच चेनीवरून घसरतोय. बोलणंही जड झालं होतं. त्या मुलीने कुणाला न विचारता सगळ्यांना थांबवलं. ग्रुपमध्ये नारिंगी कापडाची एक मोठी पिशवी असते, ती डोक्यावरून ओढून सगळे तिच्यात दाटीवाटीने बसतात. मृण्मयीला मध्ये बसवलं, कोरडे मोजे-हातमोजे घातले, गोड गरम चहा पाजला, चॉकलेट खायला लावलं. अर्ध्या तासाने तिला पुन्हा हुडहुडी भरली तेव्हा ती पोलिश मुलगी म्हणाली, चला, आता ठीक आहे.

मुलं डोंगरावर जात असतील तर एवढं पालकांनी आणि मुलांनीही लक्षात ठेवावं: गारठलेल्या, भिजलेल्या माणसाची हुडहुडी आपोआप थांबली, तो अडखळायला लागला, बोलणं जड झालं, साधी चेन लावता येईना, तर त्याला बरं वाटत नसतं. शरीर हरायला लागलेलं असतं. अशा वेळी त्याच्या "मी ठीक आहे"वर विश्वास ठेवायचा नाही.

"घरी फोनवर काय सांगितलंस त्या रात्री?" मी विचारलं.

"मी ठीक आहे." आणि ती रडायला लागली.

तिथून पुढे बोलणं सोपं झालं. घरी खरं सांगितलं की रडारड होते, फोन बंद होतो, हे ऑक्टोबरात ती शिकली होती. ग्रुपमध्येही तिने तेच केलं. आपली अडचण सांगितली तर लोक नाराज होतील, कदाचित पुढच्या वेळी नेणारच नाहीत. म्हणून गप्प. डोंगरावर मुलीचा जीव बहुधा यावरच वाचतो की ती "थांबा, मला जमत नाहीये" म्हणू शकते की नाही. आणि ते म्हणायची सवय घरातच लागते किंवा घरातच मोडते. आपण ओरडून मुलांना डोंगरावर जाण्यापासून क्वचितच थांबवतो. सांगण्यापासून मात्र नक्की थांबवतो.

ती का जाते, हेही तिने सांगितलं. नोव्हेंबरात चार वाजता अंधार. वर्गात दोनशे जण, कुणाला तिचं नाव नीट घेता येत नाही. चार-चार दिवस दुकानदाराशिवाय कुणाशी बोलणं नाही. क्लबच्या मिनीबसमध्ये मात्र पहिल्याच दिवशी एकाने वहीत तिचं नाव लिहून घेतलं आणि घरी जाऊन पाठ केलं. "रविवारसाठी मी आठवडा ढकलायचे." तिचा हा एकटेपणा आईला कळलाच नव्हता. तोही "मी ठीक आहे"च्या मागे होता. मला तिचा रविवार काढून घ्यायचा नव्हता. तो गेला असता तर मला तिची जास्त काळजी वाटली असती.

मार्चमध्ये तिघी एकत्र बोललो. मृण्मयीने जानेवारीचं सगळं सांगितलं. सुनंदाताई पांढऱ्या पडल्या, पण फोन ठेवला नाही. मी त्यांना आधीच विनंती केली होती, की ऐकून झाल्यावर पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हेच म्हणा, बाकी सगळं नंतर. त्यांनी ते म्हटलं. आवाज थरथरत होता, तरी म्हटलं.

मग एक अनपेक्षित गोष्ट निघाली. मी सहज विचारलं, तुम्ही कधी डोंगरात चालला आहात का? सुनंदाताई म्हणाल्या, "ब्रह्मगिरीची फेरी केलीय की. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची. एकोणीस वर्षांची होते. मावशीबरोबर, रात्रभर, पावसात, अनवाणी." मृण्मयीला हे ठाऊकच नव्हतं. वडिलांनी अडवलं नाही का? "नाही. दादा ओट्यावर बसले होते सकाळपर्यंत, आई सांगायची. पण निघताना त्यांनी फक्त विचारलं. कोण कोण आहे, कुठल्या वाटेनं जाणार, सकाळी कितीची एसटी धरणार. आणि त्या एसटीनं नाही आलीस तर मी त्र्यंबकला येईन, म्हणाले."

मला वेगळं काही शिकवायची गरजच उरली नाही. दादांचे प्रश्न आम्ही कागदावर लिहून काढले. डोंगर कोणता, गाडी कुठे लावणार, कुठली वाट, किती जण, पुढारी कोण, खाली किती वाजता येणार. आणि शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची: उशिरात उशीर किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि त्यानंतर कुणी कुणाला फोन करायचा. हा फोन आईने करायचा नाही. तिथला संकटकाळचा नंबर ९९९, पण नाशिकहून तो लावून स्कॉटलंडचे पोलीस मिळत नाहीत. तो मृण्मयीबरोबर राहणाऱ्या सांगलीच्या मुलीने करायचा: आधी क्लबला, मग ९९९, पोलीस मागायचे आणि 'माउंटन रेस्क्यू' म्हणायचं. तिथली ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत, हे ऐकून सुनंदाताईंना फार बरं वाटलं. सांगलीच्या मुलीचा नंबर त्यांच्याकडे आला, त्यांचा तिच्याकडे. मृण्मयीने ९९९ला 'रजिस्टर' असा मेसेज करून नोंदणीही केली, म्हणजे बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येते. शिट्टी घेतली; संकटात ती मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. हातमोज्यांच्या दोन जास्तीच्या जोड्या घेतल्या.

सुनंदाताईंना लाइव्ह लोकेशनही हवं होतं. मी नको म्हटलं. डोंगरात रेंज जाते, नकाशावरचा ठिपका एका जागी थांबतो, आणि आई सहा तास त्या ठिपक्याकडे बघत बसते. सकाळी निघताना कागदाचा फोटो, गाडीपाशी परत आल्यावर एक मेसेज. मधल्या वेळात फोन नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

त्यांच्या हिशेबी स्वभावाने एक वाट काढली. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालण्याचा अंदाज काढायची एक रीत सांगितली होती, ती मृण्मयीने त्यांना कळवली. साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. सुनंदाताई आता रविवारी वही घेऊन बसतात. बेन लोमंड, जाऊन-येऊन बारा किलोमीटर: चाल अडीच तास, चढाचा दीड, झाले चार, बर्फ-वाऱ्याचा, डब्याचा वेळ वेगळा. मला आधी वाटलं, हीसुद्धा काळजीचीच नवी वही होणार. पण गणित सुटलं की त्या वही मिटतात आणि स्वयंपाकाला लागतात. तेव्हा असू दे म्हटलं.

अशाच प्रश्नाने जागणाऱ्या पालकांना मी आणखी एक सुचवते. मुलांना "सांभाळून जा" म्हणण्याऐवजी विचारा, तुमचा ग्रुप माथा न गाठता शेवटचा परत कधी फिरला होता? उत्तर आलं, तर ऐका, बहुधा ती चांगली गोष्ट असते. जो ग्रुप कधीच परत फिरलेला नाही, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते, आणि ती मुलांना बोलून दाखवावी, असं मला वाटतं. जाणाऱ्या मुलांनीही क्लबच्या फॉर्मवर 'संकटात कुणाला कळवायचं' या ओळीत कुणाचं नाव लिहिलंय ते एकदा बघावं. मृण्मयीने तिथे सांगलीच्या मैत्रिणीचं लिहिलं होतं. घरी माहीत नसल्यावर घरचं लिहिणार कसं? सुनंदाताईंना ते कळलं तेव्हा त्या जानेवारीच्या हकिकतीपेक्षाही जास्त दुखावल्या. आता तिथे दोन नावं आहेत.

वडील अजून नीट बोलत नाहीत. ते काम बाकी आहे.

एप्रिलमध्ये सुनंदाताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा मोबाइल पुढे धरला. फोटो नव्हता, मेसेज होता, आपल्याकडच्या रात्री आठ पन्नासचा. "आई, गाडीपाशी पोचलो. वर नाही गेलो. वारा फार होता, मला जमत नव्हतं. मीच म्हणाले परत फिरू या. कुणी काही बोललं नाही."

"माझं गणित साडेनऊचं होतं," सुनंदाताई म्हणाल्या. "चाळीस मिनिटं आधी आली."