‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला काय सांगायचं

घरच्यांबद्दल कुणी विचारलं की मान खाली जाते, हे मला नवीन नाही. माझ्याही घरात दारू, उधारी आणि आरडाओरडा होता. एक वाक्य तयार ठेव: ‘घरी जरा अवघड आहे, त्यावर आत्ता नको बोलूया.’ बस. खोटं रचू नकोस, ते लक्षात ठेवता ठेवता जीव जातो (मी वडिलांना दोन वर्षं परगावी नोकरीला लावलं होतं!). खरं सगळं सांग, पण एकाच खात्रीच्या माणसाला. कमाई सुरू झाली की थोडे पैसे स्वतःच्या नावावर, घरी न सांगता. अपराधी वाटेल. वाटू दे. घरात कुणी पीत असेल तर किशोरवयीनांसाठी अ‍ॅलाटीनचे गट १९५७पासून चालतात. अशा घरांतली मुलं तिथे एकत्र बसून बोलतात, एकमेकांना आधार देतात. आडनाव सांगावं लागत नाही.