मंडळीतले प्रश्न : किल्ल्यांचा जुडगा एकाच कमरेला

या महिन्यात आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. नेहमीप्रमाणे नावं-गावं काढली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, कारण तेच पत्र वेगवेगळ्या हस्ताक्षरांत मला वर्षातून पाच-सहा वेळा येतं.

प्रश्न : आदरणीय सिस्टरबाई, सलाम. आमची मंडळी लहान, 22 घरांची. पाळकसाहेबांकडे (पास्टर) पाच गावं आहेत, त्यामुळे ते महिन्याच्या पहिल्या रविवारीच येतात. बाकी सगळं माझ्याकडे. शनिवारी देऊळ (चर्च) झाडायचं, सतरंज्या घालायच्या, पाणी भरायचं, लेकरांची शब्बाथ शाळा (रविवारचा बायबलचा वर्ग), अर्पणाची वही, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळात लेकरांची नाटिका. नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात मला टायफॉइड झाला आणि दोन रविवार देवळाचं कुलूपच उघडलं नाही. कुणी किल्ली मागायलाही आलं नाही. तेव्हापासून मन उडालंय. घरचे म्हणतात, सोडून दे. सेवा सोडणं पाप आहे का?
एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, सलाम. आधी तब्येतीचं बोलू. मी 34 वर्षं दवाखान्यात नर्स होते, म्हणून सांगते. टायफॉइडचा ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा करा, पाणी उकळून प्या आणि अंगात ताकद येईपर्यंत हंडे-घागरी उचलू नका. देवळाचे तर मुळीच नाही.

आता पापाचं. थकलेल्या माणसाने खाली बसणं पाप नाही. पण तुम्ही सोडून देण्याआधी मला तुमच्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. 'कुणी किल्ली मागायलाही आलं नाही.' ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात तुम्हाला किती लागलंय ते दिसतं. त्याचबरोबर हेही दिसतं की नऊ वर्षांत त्या किल्लीला दुसरा हातच लागलेला नाही. लोकांच्या लेखी ती देवळाची किल्ली राहिली नाही, ती तुमच्या घरची झाली. दुसऱ्याच्या घरची किल्ली मागायला माणूस बिचकतो, त्यातून त्या घरात आजारपण असलं तर जास्तच.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः हेच केलंय. आमच्या महिला मंडळाचं काम माझ्याकडे होतं तेव्हाची गोष्ट. प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचं पांढरं कापड आहे आमच्याकडे, एका कडेला लाल दोऱ्याने क्रूस भरलेला. क्रूस मंडळीकडे यायला हवा. एका शनिवारी एकोणीस वर्षांच्या एका मुलीने आपणहून ते कापड अंथरलं. क्रूस भिंतीकडे गेला. मी पाच-सहा बायकांसमोर ते तिच्या हाताखालून ओढलं आणि म्हणाले, 'असू दे, मीच करते.' आवाज चढवला नव्हता. मुलगी काही बोलली नाही, हात ओढणीला पुसले आणि बाहेर चपला घालायला गेली. त्यानंतर ती रविवारी उपासनेला येत राहिली, पण शनिवारी कधीच आली नाही. दोन वर्षांनी तिच्या आईने मला कारण सांगितलं. तोवर तिचं लग्न ठरलं होतं, ती नांदेडला जाणार होती. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तिने दिलीही. पण आमच्या मंडळीचे दोन हात त्या चार शब्दांनी गेले ते गेलेच.

बायबलमधल्या निर्गमच्या 18 व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसतो. सासरा इथ्रो ते बघतो आणि सांगतो की असं केलंस तर तूही झिजशील आणि तुझ्याबरोबरचे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आपण प्रवचनात 'तू झिजशील' एवढंच ऐकतो. लोकही झिजतात, ही गोष्ट इथ्रोने त्याच दमात सांगितली आहे. तुमच्या 21 घरांना नऊ वर्षं नुसतं सतरंजीवर येऊन बसायची सवय लागली, हेही झिजणंच.

या सवयीला आपल्याकडे जुनी मुळं आहेत. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवलं, ते स्कॉटिश मिशनच्या काळात. पुढे कित्येक वर्षं आपल्या भागात शाळेचा मास्तर, बायबलबाई (घरोघरी जाऊन बायबल सांगणारी), कंपाउंडातला चौकीदार, सगळ्यांचा पगार मिशनकडून यायचा. देवळाचं काम म्हणजे पगारी माणसाचं काम, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यात तिथून बसलं. 1970 साली नागपूरला उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा मी 14 वर्षांची होते. मिशनचे पगार हळूहळू संपले, पाळक कमी आणि गावं जास्त असं झालं, पण 'ते करणारं माणूस ठेवलेलं आहे' ही समजूत तशीच राहिली. आज तुम्ही ते ठेवलेलं माणूस झाला आहात, आणि तेही बिनपगारी.

म्हणून सेवा सोडू नका, वाटून टाका. उपासनेत उभं राहून 'कुणीतरी पुढे यावं' असं सांगू नका, तसं म्हटलं की सगळे खाली बघतात. घरी जा. एका माणसाला, नाव घेऊन, एकच काम मागा आणि ते कधी संपेल तेही सांगा. ज्याच्याकडे टेम्पो आहे त्याला म्हणा, 'भाऊ, ईस्टरपर्यंत दर शनिवारी पाण्याचे दोन जार टाकाल का?' आयुष्यभरासाठी कुणी हो म्हणत नाही, ईस्टरपर्यंत म्हणतात. मग ईस्टरनंतर खरंच मोकळं करा. त्याने स्वतःहून चालू ठेवलं तर देवाचे आभार माना. नवीन सुनांना तर कुणी काही विचारतच नाही. त्यातली एखादी बारावी झालेली असते, तिच्याकडे शब्बाथ शाळेची हजेरी द्या. फक्त लेकरांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असू द्या, एकटं कुणालाच ठेवू नका.

आणि येत्या आठवड्यात किल्लीच्या तीन नकला काढा. एक मंडळीच्या पंचांपैकी कुणाकडे, एक तरुण संघाकडे, एक देवळाच्या सगळ्यात जवळ जे घर असेल त्यांच्याकडे. आमच्या एका जुन्या देवळाची किल्ली समोरच्या किराणा दुकानात असते. दुकानदार आपल्या मंडळीचा नाही, पण सकाळी सहाला त्याचं शटर वर असतं आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असते.

सतरंजी वाकडी पडेल. फुलं शिळी येतील. तुम्ही मागून जाऊन नीट करू नका. ती मुलगी नांदेडला गेली त्यानंतर मी हेच शिकले, आणि अजूनही मला ते जड जातं.

प्रश्न : आमच्या मंडळीत 18 घरं आहेत, त्यातली 11 दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नाताळात देऊळ ओकंबोकं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. नाताळ साजरा करावासाच वाटत नाही. काय करावं?
मंडळीचा सेक्रेटरी, बीड जिल्हा

उत्तर : भाऊ, नाताळ 25 डिसेंबरलाच करा, लहान करा, पण ज्यांच्याशिवाय तो ओका वाटतो त्यांचा सण ते परत आल्यावर करा. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) परततात. ईस्टरला करू म्हणाल तर तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मधे कधीही येतो, म्हणून तारीख कॅलेंडर बघून धरू नका, शेवटचा कोयता गावात पोचल्यावर धरा. लेकरांची नाटिका, जेवण, नवे कपडे, सगळं त्या रविवारी ठेवा. अर्पणही त्यांना तेव्हाच देता येतं. दसऱ्याला आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांच्या हातात काय असतं?

पण मला तुमच्या पत्रातलं वेगळंच एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. मागे म्हातारी माणसं राहतात. ती पाच महिने एकटी असतात. ब्लडप्रेशरची गोळी संपते आणि आणून द्यायला घरात कुणी नसतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद केलेली, आणि मग एका अंगाने लुळी पडलेली माणसं मी दवाखान्यात किती पाहिली ते मोजता येणार नाही. तुमची सात घरं मागे आहेत ना? 11 घरांतली म्हातारी माणसं त्या सातांत वाटून घ्या. एका घराकडे दीड-दोन घरं येतात, जास्त नाही. लोक निघायच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घराची एक चिठ्ठी लिहून घ्या : गोळीचं नाव, सकाळची की संध्याकाळची, किती दिवसांची आहे, मुलाचा फोन, टोळीच्या मुकादमाचा फोन. मग आठवड्यातून दोनदा जायचं. प्रार्थना करायची, पण आधी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजायची. म्हातारी माणसं 'घेते की रोज' म्हणतात, पट्टी खरं सांगते.

लेकरं मागे ठेवायची असतील तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी लोक निघण्याआधी करा. आणि नाताळच्या दिवशी कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) फोन लावाल तर वेळ विचारून लावा. गाडी भरायला मध्यरात्री उठायचं असतं, पहाटे थळात (उसाच्या फडात) उतरायचं असतं. त्यांची झोप मोडून आपली गीतं ऐकवू नका. दोन मिनिटं बोला, त्यांच्या आईला बोलू द्या.

प्रश्न : मी नुकताच खजिनदार झालो. अर्पण मोजताना आणखी एक माणूस बरोबर हवा असं मी म्हटलं, तर जुने पंच रागावले. 'आमच्यावर विश्वास नाही का?' म्हणाले.
एक भाऊ, जालना जिल्हा

उत्तर : तुमचं बरोबर आहे. पंचांना सांगा, दुसरा माणूस माझ्यावर लक्ष ठेवायला हवा आहे, तुमच्यावर नाही. उपासना संपल्याबरोबर तिथेच मेजावर दोघांनी मोजायचं, आकडा लिहायचा, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. घरी नेऊन मोजायचं नाही, एका रात्रीसाठी सुद्धा. महिन्याच्या शेवटी जमा-खर्च मोठ्याने वाचायचा. देवळाचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल, तर हिशेब तपासून घ्यावाच लागतो, तेव्हा वही रोजची रोज लिहिलेली बरी. एका मंडळीत पैशावरून संशय आला आणि दोन भावांची घरं एकाच बाकावर बसेनाशी झाली. पैसे पुढे सापडले, एका पाकिटात, कपाटाच्या मागे. घरं अजून जुळलेली नाहीत.

प्रश्न : सिस्टरबाई, माझं वय 79. चाळीस वर्षं देवळाची घंटा मी वाजवली. आता गुडघे चालत नाहीत, घंटा पोरं वाजवतात. माझ्यासाठी काही काम उरलंय का?
एक वडील, हिंगोली जिल्हा

उत्तर : काका, सलाम. तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की दफनभूमीतल्या जुन्या कबरी कुणाच्या ते आता फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. मग काम उरलंय, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. ही पण एक किल्लीच आहे, काका, आणि तिची नक्कल काढायला फार वेळ नाही. आपल्याकडे गरिबाच्या कबरीवर दगडही नसतो. मातीचा उंचवटा आणि एक लिंबाचं झाड, एवढीच खूण. ते झाड तुटलं की ती आई कुठे पुरली ते तिच्या नातवंडांना कोण सांगणार?

पाळकसाहेबांना सांगून तरुण संघातली दोन पोरं मागून घ्या. एकाच्या हातात दोनशे पानी वही, दुसऱ्याच्या हातात मोजपट्टी. फाटकापासून सुरुवात करून ओळीने जायचं. प्रत्येक जागेला नंबर, नाव, कुणाची कोण, साधारण कोणत्या साली गेली. साल आठवलं नाही तर 'बहात्तरच्या दुष्काळानंतर' असं लिहिलं तरी चालेल. पोरांना एक पान नकाशाला सोडायला सांगा. तुमच्यासाठी त्यांनी खुर्ची उचलून न्यायची. तुम्ही चालायचं नाही, बोट दाखवायचं. एका दिवसात दहा कबरी पुष्कळ झाल्या, कारण प्रत्येकीमागे तुम्हाला काहीतरी आठवेल आणि ते पोरांनी ऐकावं असं मला वाटतं.

जिथे दगड आहेत तिथे तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड लावू देऊ नका, अक्षरं जातात. पाणी आणि मऊ झाडूची काडी पुरे. आणि सकाळी सातलाच जा. कोवळं तिरपं ऊन दगडावर पडतं तेव्हा झिजलेलं नावसुद्धा सावलीने उठून दिसतं. दहानंतर तोच दगड कोरा वाटतो.