लालबागेतला खडक आणि पृथ्वीवरची पहिली जमीन

प्रश्न : ताई, मिरजेहून बंगळूरला गाडीने जाताना बेळगावच्या पुढे आपला काळा दगड संपतो आणि तांबूस-राखाडी गोलमटोल खडक सुरू होतात. लालबागेत केंपेगौडा मनोऱ्याखालच्या खडकापाशी जिऑलॉजिकल सर्व्हेचा फलक आहे, त्यावर ३०० कोटी वर्षं असं वय दिलंय. हे काढतात कसं, आणि एवढ्या जुन्या दगडावरून जमीन पहिल्यांदा कशी झाली ते खरंच कळतं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कळतं, आणि चांगलंच कळतं. लालबागेतला खडक म्हणजे नाईस, मूळचा ग्रॅनाइटच्याच घराण्यातला, नंतर खोल गाडला जाऊन उष्णतेने आणि दाबाने पट्टे पडलेला. आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सोपं जाईल : असा खडक पृथ्वीच्या पोटातून थेट येत नाही. खालचं मँटल, म्हणजे कवचाखालचा जाड दगडी थर, वितळला की बेसॉल्ट मिळतो, म्हणजे आपला सह्याद्रीचा दगड, समुद्राचा तळही त्याचाच. ग्रॅनाइट हवा असेल तर तो बेसॉल्ट आधी थंड व्हायला पाहिजे, त्यात पाणी मुरायला पाहिजे, आणि मग परत खोल जाऊन थोडासाच वितळायला पाहिजे. लहानपणी पेप्सीकोला चोखताना गोड रंगीत पाणी आधी यायचं आणि शेवटी हातात पांढरा बर्फ उरायचा ना, तसं दगडातसुद्धा सिलिका-सोडियमवाला हलका भाग आधी वितळतो आणि लोह-मॅग्नेशियमवाला जड भाग मागे राहतो. तो हलका रस वर येऊन गोठला की झाला ग्रॅनाइटी खडक, घनता २.७ च्या आसपास, बेसॉल्टची ३ च्या जवळ, त्यामुळे तो सहजासहजी परत खाली जात नाही. समुद्राचा तळ साधारण २० कोटी वर्षांत परत पोटात जातो आणि खंड मात्र ३०० कोटी वर्षं टिकून राहतात ते यामुळे.

म्हणजे बघा, जुना ग्रॅनाइट सापडला की त्याच्याही आधी बेसॉल्टचं कवच होतं आणि त्यात मुरायला पाणी होतं हे त्याच्यासोबतच कळतं. मला यातली पाण्याची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. चंद्रावर बेसॉल्टची मैदानंच्या मैदानं आहेत पण ग्रॅनाइटचे खंड नाहीत.

वयाचं काम झिरकॉन करतो. वाळूच्या कणापेक्षाही बारीक असलेलं हे खनिज तयार होताना युरेनियम आत घेतं, शिशाला मात्र जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे आज आत जे शिसं सापडतं ते युरेनियमपासूनच झालेलं, कारण युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. युरेनियमचे दोन प्रकार, एक ४४७ कोटी वर्षांत अर्धा होतो, दुसरा ७० कोटींत, दोन्हींनी काढलेलं वय जुळलं की आकड्यावर भरवसा ठेवता येतो. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला असे कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे मिळालेत आणि पृथ्वीच ४५४ कोटींची! त्यातल्या काही कणांमधला ऑक्सिजन जरा जड आहे, आणि तो तसा होतो जेव्हा मूळ दगड पृष्ठभागाजवळ पाण्यात भिजलेला असतो. आपल्याकडे ओडिशात चंपुआजवळही ४२० कोटींच्या पुढचे कण सापडलेत, २०१८ साली ते जाहीर झालं, दगड स्वतः बराच तरुण पण पोटात हे म्हातारे कण अडकून राहिलेले. अख्खा खडक म्हणाल तर कॅनडातला अकास्टा नाईस, ४०० कोटींचा.

आणि दगड किती खोलवर वितळला तेही कळतं. खूप दाबाखाली गार्नेट नावाचं खनिज तयार होतं आणि ते इट्रियम हा धातू स्वतःकडे धरून ठेवतं, म्हणून वर आलेल्या रसात इट्रियम कमी आणि स्ट्रॉन्शियम हा दुसरा धातू भरपूर दिसला की समजायचं खाली गार्नेट मागे राहिलं होतं, म्हणजे वितळण्याची जागा बरीच खोल होती.

तो बेसॉल्ट एवढा खाली गेला कसा, यावर मात्र भांडण चालू आहे. काही म्हणतात आजच्यासारखी एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, दुसरीखाली सरकली, काही म्हणतात लाव्ह्याचे थर एकावर एक इतके साचले की तळाचा भाग आपोआप शिजला. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारात ग्रॅनाइटी खडकाचे मोठमोठे गोल घुमट आहेत, हलका रस जागच्या जागी वर फुगून आल्यासारखे, ते पाहिले तर मला सुरुवातीच्या काळासाठी दुसरं म्हणणं जास्त पटतं, आणि प्लेटांचं काम नंतर जोरात आलं असावं. त्या नंतरच्या काळातला ग्रॅनाइट तुम्ही वाटेत पाहिलाही असेल, बंगळूरच्या अलीकडे-पलीकडे उत्तर-दक्षिण पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाइट, क्लोजपेट हे रामनगरचं जुनं नाव. तो २५० कोटींच्या आसपासचा, पोटॅशियम जास्त म्हणून गुलाबी, कारण इथे जुनं नाईसचं कवचच परत वितळलं आणि त्यात मँटलचा रस मिसळला.

प्रश्न : मग महाराष्ट्रात असा खडक नाहीच का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आहे की, बराचसा झाकलेला आहे इतकंच! आपला बेसॉल्ट फक्त ६.६ कोटी वर्षांचा, तो या जुन्या जमिनीवर पसरला. तुमच्याच भागात कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं, त्यात सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट-नाईस लागला. किल्लारीला ३३८ मीटरवरच लागला. उघडा बघायचा असेल तर गोंदियात आमगावकडे, गडचिरोलीत, सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला किंवा गोव्यात काणकोणला जा. ताजा फुटलेला भाग शोधा, खाणीजवळ किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये मिळतो, म्हणजे पट्टे आणि दाणे नीट दिसतील, भिंग असेल तर फारच उत्तम.