ऑडिटच्या आधी मागच्या तारखांच्या नोंदी भरायला सांगतात, नवीन माणसानं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोलीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला पहिलीच नोकरी, ग्राहकाचं ऑडिट तोंडावर, आणि साहेब म्हणतायत की सँड टेस्टिंगचं, म्हणजे साच्याच्या वाळूच्या रोजच्या चाचण्यांचं रजिस्टर दोन महिने रिकामं आहे, ते 'भरून टाक'. ऑफिसात मात्र आचारसंहितेची फ्रेम लावलेली. सही करावी का, आणि त्या फ्रेमला काही अर्थ असतो का?

सही करू नका. मी याच पट्ट्यात क्वालिटीत बरीच वर्षं काढली, आता ग्राहकाच्या बाजूनं सप्लायर ऑडिटला जातो, म्हणून आधी टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

दोन महिन्यांची पानं एका बैठकीत भरलेली असली की ती लगेच कळतात. एकच पेन, पानांचे कोपरे कडक, काळ्या वाळूचा एकही बोटाचा ठसा नाही. वाळूतलं मॉइश्चर (ओलावा) सकाळी ३.४ टक्के, दुपारी ३.५, परत ३.४, आणि जुलै महिन्यातही तेच. कोल्हापूरच्या जुलैत, जेव्हा नवी वाळू ट्रकमधूनच ओली उतरते! मग आम्ही शेजारी प्रॉडक्शन रिपोर्ट उघडतो. फर्नेसचं लायनिंग (भट्टीच्या आतल्या अस्तराचं काम) चाललं होतं म्हणून मोल्डिंग बंद, पण वाळूची रीडिंगं मात्र चालू. याहून मजेशीर म्हणजे मॉइश्चर मोजायचा मीटर कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) पुण्याला गेलेला, त्याचं सर्टिफिकेट फाइलला लावलेलं, आणि त्याच तारखांना त्याच मीटरनं घेतलेली मापं रजिस्टरमध्ये. हे एकदा दिसलं की मी बाकीच्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवत नाही. हार्डनेस, स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते तपासणारं यंत्र), हीट नंबर (माल कुठल्या वितळणीचा त्याचा नंबर), सगळं उकरायला लागतो.

रजिस्टर नुसतं रिकामं असतं तर एक एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटरनं नोंदवलेली त्रुटी) पडली असती. कारण शोधा, उपाय लिहा, पुरावा पाठवा, विषय संपला. एनसी पडली म्हणून कुणाचं दुकान बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. खोट्या नोंदीत मात्र सही तुमची असते. उद्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूनं पडलेली पोकळी) निघून माल परत आला, तर साहेब 'मी फक्त रजिस्टर पूर्ण कर म्हटलं होतं' एवढंच म्हणतील.

मग करायचं काय? ज्या दिवसांच्या कच्च्या चिठ्ठ्या किंवा प्रिंटआउट खरोखर आहेत, त्या नोंदी आजच्या तारखेनं 'उशिरा नोंद' असं लिहून, मूळ चिठ्ठी जोडून करा. यात काही गैर नाही. ज्या दिवशी चाचणी झालीच नाही तिथं 'चाचणी घेतली नाही', कारण आणि आजची सही. कारण बहुतेक वेळा साधं असतं: टेस्टिंगचा पोरगा सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी दिलं नाही. तेच लिहा.

साहेबांना हे कसं सांगायचं, हा खरा अवघड भाग. पुस्तकात हॉटलाइन सांगतात. आपल्याकडं ऐंशी माणसांच्या कारखान्यात निनावी तक्रारपेटी म्हणजे गंमतच. अक्षरावरून दुपारच्या चहापर्यंत नाव कळतं. शिवाय सुपरवायझर तुमच्या मामाच्या गावचा, नोकरीला शब्द टाकलेला कुणा पाव्हण्यानं. त्यामुळं विरोध केला की 'खाल्ल्या मिठाला जागला नाही' हे ऐकावं लागतं. म्हणून चारचौघांत नको, एकट्याला गाठून बोला. 'साहेब, हे चुकीचं आहे' असं सुरू करू नका. 'साहेब, मीटर त्या आठवड्यात कॅलिब्रेशनला होता, ऑडिटर जुळवून बघणार, आपण सापडू. मी उशिरा नोंद करून कारण लिहितो, उपायाचा कागदही तयार ठेवतो' असं म्हणा. निम्मे साहेब इथंच ऐकतात, कारण त्यांनाही भीतीच असते. नाही ऐकलं तर झालेलं बोलणं त्याच दिवशी साध्या ईमेलवर त्यांना कळवा: 'आज मी तुम्हाला सांगितल्याप्रमाणे अमुक तारखांच्या चाचण्या झालेल्या नाहीत, त्या तशाच नोंदवतो.' भांडणाचा सूर नको.

आता फ्रेमबद्दल. ती बहुधा मालकाला एकाएकी सद्बुद्धी झाली म्हणून लागलेली नाही. गाड्यांचे भाग पुरवणाऱ्यांना लागणाऱ्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कलम ५.१.१.१ आहे. लाचविरोधी धोरण, कर्मचाऱ्यांची आचारसंहिता आणि गैरप्रकार वर कळवण्याची पद्धत, हे तिन्ही त्यात किमान मागितलेलं आहे. म्हणजे तुमच्या कंपनीकडं हे सर्टिफिकेट असेल तर खोटी नोंद वर कळवण्याचा रस्ता कागदावर असायलाच हवा. तो मागून घ्या, वाचा. कंपनीनं बँकांकडून आणि सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींच्या वर कर्ज घेतलं असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानंही अशी यंत्रणा ठेवणं आणि तक्रारदाराला त्रास होऊ न देणं बंधनकारक आहे. फौंड्री प्रायव्हेट लिमिटेड असली तरी.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची समिती दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लागतेच, हाही २०१३ चाच कायदा. बोर्डावरची नावं नीट वाचा. अध्यक्ष म्हणून लिहिलेल्या बाई नोकरी सोडून गेलेल्या आणि नाव तसंच, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

लाचेचंही असंच. सरकारी तपासनिसाला 'चहापाणी' द्यायला तुम्हाला पुढं केलं, तर लक्षात ठेवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. महाराष्ट्रात लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४.

पण कंपनीची संस्कृती म्हणाल तर मी फ्रेम बघतच नाही, फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करतात तिथं) जातो. ग्राइंडिंगच्या धुळीत सिलिका असते, त्यानं फुप्फुसं जातात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी ऑडिटच्या दिवशी सकाळी नवेकोरे मास्क आणि गॉगल वाटायचे आणि संध्याकाळी स्टोअरला परत जमा करायचे, ही पद्धत काही ठिकाणी अजून आहे. पट्ट्याच्या घड्या मोडलेल्या नसतात, तिथंच समजतं. ठेकेदाराच्या माणसांचं एक कच्चं मस्टर आणि एक पक्कं, जादा तास फक्त कच्च्यात, कायद्यानं दुप्पट दर असताना सरळ रोजावर भागवलेले. असल्या ठिकाणी एकटं वाळूचं रजिस्टर खरं कसं असेल?

त्यामुळं तुमच्या साहेबांनी त्या ईमेलवर काय केलं ते महिनाभर बघा. टेस्टिंगला माणूस दिला, तर थांबा, कंपनी सुधारतेय. तुम्हालाच स्टोअरला टाकलं, तर अर्ज सुरू करा. पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), स्पेक्ट्रो आणि सँड लॅब येणाऱ्या पोराला गोकुळ शिरगावला नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम मिळतं. अनुभवाचा दाखला हातात आल्यावरच राजीनामा द्या आणि जाताना जुनी धुणी धुऊ नका.

नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलात की शॉप दाखवाल का विचारा. रेड बिन, म्हणजे नाकारलेला माल टाकायची लाल पेटी, कुठं आहे ते बघा. कुलूप आहे का, आत रिजेक्शनचा माल आहे का, आणि किल्ली प्रॉडक्शनकडं असते की क्वालिटीकडं. रोज धातू वितळवणाऱ्या फौंड्रीत रेड बिन पुसून स्वच्छ रिकामा असेल तर रिजेक्शन जातं कुठं, हे तिथल्या तिथं विचारा. पगाराचं बोलणं त्यानंतर.