केनियात रस्ते, दारूचे परवाने आणि गावातले दवाखाने हे सगळं काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) सरकारकडेच कसं?

2010 च्या राज्यघटनेमुळे. तिच्या चौथ्या परिशिष्टात केंद्राची आणि काउंटीची कामं वेगळी करून दिली आहेत. 47 काउंट्या, प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःची विधानसभा. 2013 च्या निवडणुकीनंतर कारभार सुरू झाला.

आपली जिल्हा परिषद डोळ्यांसमोर आणू नका, अधिकार त्याहून बरेच जास्त आहेत. आपल्याकडे दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खातं देतं, तिथे काउंटी देते. गंमत म्हणजे परिशिष्टात दारू परवाने जुगार, सिनेमा आणि ग्रंथालयांच्या ओळीत बसवलेत!

रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, काउंटी रस्ते काउंटीचे.

खरी ओढाताण आरोग्यात. दवाखाने, रुग्णवाहिका काउंटीकडे. धोरण आणि राष्ट्रीय संदर्भ रुग्णालयं (जिथे खालच्या दवाखान्यांतून गंभीर रुग्ण पाठवतात) केंद्राकडे. डॉक्टरांचा पगार काउंटीने द्यायचा, पण पैसा मुख्यतः केंद्राकडून येतो (घटनेनुसार राष्ट्रीय महसुलाचा किमान 15 टक्के वाटा). 2016 च्या डिसेंबरात सरकारी डॉक्टर संपावर गेले, तो शंभर दिवस चालला. पगारवाढीचा करार पाळायचा कुणी, यावर दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत होती.