धडधड टेन्शनची, की थायरॉईडच्या गोळीची?

"मॅडम, थायरॉईडची गोळी चालू आहे, हल्ली छातीत अधूनमधून धडधडतं, या गोळीने हार्ट बिघडतं म्हणतात, मग बंद करू का?" हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एक केसच सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

डिचोलीकडच्या एक काकू, साठी उलटलेल्या, सून घेऊन आली होती. मुलगा बोटीवर, तो गेल्यापासून यांची झोप उडालेली, रात्री दोन-तीनला धडधडत उठून बसायच्या, घाम, हात थरथरणार, आणि घरात सगळ्यांचं एकच की आई पोराचं टेन्शन घेते, तुम्ही जरा समजवा. देवाला गाऱ्हाणं पण घालून झालेलं. ऐकायला अगदी पॅनिक अटॅक. पण पॅनिक चढतं तसं बहुतेक वेळा अर्ध्याएक तासात उतरतं, काकूंची धडधड सकाळपर्यंत चालायची, आणि जेवण नीट असून सगळे ब्लाउज ढगळ झालेले. हे टेन्शनमध्ये बसेना.

नाडीला बोटं लावली. नुसती जोरात असती तर वेगळं, इथे तालच नव्हता, चतुर्थीच्या आरतीत लहान पोराच्या हातात घुमट, म्हणजे आपलं मातीचं वाद्य, दिलं की कसं वाजतं, दोन ठोके लगोलग, मग गॅप, मग तीन, तसं.

मी सगळ्यांना औषधांची पिशवी घेऊनच यायला सांगते. काकूंच्या पिशवीतून थायरॉईडच्या दोन बाटल्या निघाल्या, एक १०० मायक्रोग्रॅमची, एक ७५ ची. डॉक्टरांनी डोस कमी करून ७५ लिहून दिलेला, काकूंना वाटलं ही नवीन गोळी जोडीला आहे, म्हणून रोज सकाळी दोन्ही! मधे टेस्ट नाहीच, मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत होता. सून बिचारी बाटल्यांकडे बघतच राहिली.

मी समुपदेशक, डॉक्टर नव्हे, तेव्हा बोलणं तिथेच थांबवून दोघींना लगेच ईसीजीला पाठवलं. निघालं एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी बेताल होते. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला 'हार्मोन बनव' असं सांगणारा मेंदूकडचा निरोप, रक्तात मोजतात, तो ०.०३, साधारण ०.४ ते ४ असायला हवा. टीएसएच इतका खाली म्हणजे अंगात थायरॉईड हार्मोन जास्त, आणि ते जास्त झालं की हृदय अॅड्रेनलिनला जास्तच जोरात उत्तर देतं, वरच्या कप्प्यांतले करंट भरकटतात. स्वतःची थायरॉईड ग्रंथी जास्त काम करत असली तरी हेच होतं, गोळीच हवी असं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात, १९९४ मध्ये छापून आलाय, साठीच्या पुढच्या लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलेलं, ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होता त्यांना एएफ व्हायचा धोका जवळपास तिप्पट निघाला.

डॉक्टरांनी डोस ठरवून दिला, ठोके आवरायला गोळी दिली, आणि एएफमध्ये हृदयात गुठळी होऊन लकवा येऊ शकतो म्हणून रक्त पातळ करायची पण. तर काकू म्हणतात, आता थायरॉईडची गोळी घरातच नको! इथे माझं खरं काम लागलं. गोळी वाईट नाही, डबल डोस वाईट. एकदम बंद केली तर ठोके मंदावतात, कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणजे हृदयाला त्याचाही त्रासच. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट, लगेच करून उपयोग नाही कारण हे औषध अंगातून हळूहळू जातं. आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट खोटाच जास्त थायरॉईड दाखवू शकतो, ही गोष्ट पेशंट हमखास विसरतात.

काही महिन्यांत काकूंची नाडी तालावर आली. सगळ्यांची अशी आपोआप येते असं नाही, पण थायरॉईड जागेवर आल्यावर बऱ्याच जणांची येते. भीती मात्र गेली नव्हती, बोटं सारखी मनगटावर, मुलाशी व्हिडिओ कॉल चालू असताना पण. मग ठरवलं, नाडी सकाळी एकदाच बघायची, वहीत लिहायची, वही डॉक्टरांना दाखवायची, बाकी दिवसभर मनगटाला हात नाही. आणि पोराची काळजी, ती होतीच की, रिपोर्टमध्ये कारण सापडलं म्हणून ती खोटी ठरत नाही, त्यावर आम्ही नंतर वेगळं बोललो.

तर गोळी मनाने बंद करू नका, वाढवू पण नका, धडधडतंय तर टीएसएच आणि ईसीजी करून घ्या आणि मग या माझ्याकडे. पण धडधडीबरोबर छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येऊन पडायला होतंय किंवा तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, तर मला मेसेज टाइप करत बसू नका, १०८ ला फोन लावा.